सुताराने केलेलं घड्याळ आणि समुद्रावरचा रेखांश

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. मुलाला शाळेत रेखांशावर प्रकल्प करायचा आहे. त्यासाठी वाचताना तुम्हाला जॉन हॅरिसन या इंग्रज सुताराची गोष्ट सापडली. त्याने घड्याळ करून समुद्रावर रेखांश काढायचा प्रश्न सोडवला आणि सरकारने त्याला बक्षिसासाठी आयुष्यभर झुलवलं, असं त्यात होतं. तुमच्या शंका तीन. घड्याळाचा आणि रेखांशाचा संबंध काय? लंडनमध्ये तेव्हा उत्तम घड्याळं मिळत होती, मग त्यातलंच एक जहाजावर का नेलं नाही? आणि त्याला खरंच फसवलं का?

मी पुण्यात ३८ वर्षं घड्याळं दुरुस्त करतो. दुकान वडिलांचं, कामही त्यांच्याच हाताखाली शिकलो. लंबकाची भिंतीवरची घड्याळं, चावीची मनगटी घड्याळं, कधी मुंबईच्या चोरबाजारातून कुणी आणलेलं जहाजाचं क्रोनोमीटर (समुद्रावर वापरायचं अचूक घड्याळ), असं सगळं टेबलावर येतं. हॅरिसनबद्दल मिळेल ते मी वाचत आलो आहे, कारण त्याने ज्या अडचणींशी आयुष्यभर झुंज दिली त्या मला रोज भिंगातून दिसतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही ‘फसवणं’ कशाला म्हणता यावर अवलंबून आहे, म्हणून ते शेवटी घेतो.

संबंध सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि चार मिनिटांना एक अंश. तुमच्या डोक्यावर सूर्य आला तेव्हा ग्रीनिचला किती वाजले होते एवढं कळलं, की तुम्ही ग्रीनिचच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहात ते कळतं. मुंबईचंच बघा. मुंबईची जुनी स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. याचे अंश केले की पावणेत्र्याहत्तर येतात, आणि नकाशात मुंबईचा रेखांश जवळजवळ तोच सापडेल. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ बरीच वर्षं चालू राहिला, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारून बघा, आठवण निघेल.

अक्षांशाचं तसं नसतं. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे किंवा दुपारी सूर्य किती उंच आहे ते मोजलं की झालं. रेखांशाला आकाशात अशी ठरलेली खूण नाही, कारण सगळं आकाशच फिरतं. जहाजावरची दुपार सूर्याकडे बघून कळते, घरची वेळ मात्र बरोबर न्यावी लागते. ती नेता येत नव्हती. मग खलाशी काय करायचे? गाठी मारलेल्या दोरीला बांधलेली फळी पाण्यात सोडायची, वाळूचं छोटं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं आणि त्यावरून वेग ठरवायचा. दिशा होकायंत्रावरून. बाकी सगळा अंदाज.

अंदाज चुकला तर काय होतं ते एका जहाजावरून सांगतो. ‘सेंच्युरियन’ नावाची इंग्लिश युद्धनौका १७४१ मध्ये दक्षिण अमेरिकेचं टोक वळसा घालून पॅसिफिकमध्ये आली. कॅप्टन जॉर्ज अँसनच्या माणसांना स्कर्व्ही झाली होती, हिरड्या सुजून दात पडत होते. हुआन फर्नांडेस बेटावर ताजं पाणी आणि पालेभाजी होती. त्या बेटाचा अक्षांश अँसनला माहीत होता. पण आपण बेटाच्या पूर्वेला आहोत की पश्चिमेला, ते माहीत नव्हतं. तो आधी पश्चिमेकडे गेला, मग शंका येऊन पूर्वेकडे वळला आणि थेट चिलीचा किनारा दिसला. म्हणजे पहिलीच दिशा बरोबर होती. पुन्हा उलट फिरून बेट गाठेपर्यंत सत्तर-ऐंशी माणसं गेली. हीच ‘सेंच्युरियन’ पाच वर्षांपूर्वी हॅरिसनचं पहिलं सागरी घड्याळ घेऊन लिस्बनला गेली होती. हे वाचलं त्या दिवशी मला काम सुचलं नाही.

प्रकल्पात बहुतेक लोक १७०७ ची सिली बेटांजवळची दुर्घटना घालतात. अॅडमिरल क्लाउडस्ली शॉव्हेलची चार जहाजं खडकांवर फुटली आणि चौदाशेच्या वर माणसं बुडाली, हे खरं आहे. पण ‘वाट चुकली आहे’ असं सांगणाऱ्या खलाशाला अॅडमिरलने फाशी दिलं, ही जोडकथा घालू नका. तिला त्या काळातला पुरावा नाही. शिवाय त्या ताफ्याच्या नोंदवह्यांत अक्षांशाच्याही चुका सापडल्या आहेत, त्यामुळे सगळा दोष रेखांशावर टाकता येत नाही.

१७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून बक्षीस लावलं. अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्याला २०,००० पौंड, दोन तृतीयांश अंशाला १५,००० आणि एका अंशाला १०,०००. कसोटी म्हणजे इंग्लंडहून वेस्ट इंडीजपर्यंतचा प्रवास. मुलाला हे गणित करू द्या: अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटं. प्रवास सहा आठवड्यांचा धरला तर ४२ दिवसांत १२० सेकंद, म्हणजे दिवसाला तीन सेकंदांहूनही कमी.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते सगळी गोष्ट याच प्रश्नात आहे.

गिऱ्हाईक विचारतं, “घड्याळ करेक्ट आहे ना?” आम्ही घड्याळजी मनात वेगळंच तपासत असतो: याची चाल कायम आहे का? समजा एक घड्याळ रोज न चुकता २० सेकंद मागे पडतं. दुसरं आज चार सेकंद पुढे, उद्या सहा मागे, परवा बरोबर. गिऱ्हाइकाला दुसरं आवडेल. पण चाळीस दिवस ज्याच्या भरवशावर राहायचं आहे असं घड्याळ निवडायला सांगितलं तर मी पहिलं उचलीन. चाळीसाव्या दिवशी ते ८०० सेकंद मागे असणार, हे मला आधीच माहीत आहे. तेवढे मिळवले की खरी वेळ हातात आली. दुसऱ्याचं काय मिळवू नि काय वजा करू?

लंडनच्या चांगल्या कारागिरांची लंबकाची घड्याळं भिंतीवर असताना दिवसाला सेकंदाच्या आसपास चालायची. जहाजावर तीच भिंत डोलते, हे तर उघडच आहे. हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने १६६० च्या दशकात लंबकाची घड्याळं समुद्रावर पाठवून पाहिली होती, वादळात त्यांचा टिकाव लागला नाही. पण डुलण्याहून छुपे शत्रू वेगळे आहेत. न्यूटनने १७१४ मध्येच संसदेच्या समितीपुढे त्यांची यादी दिली होती: जहाजाची हालचाल, उष्णता नि थंडी, ओल नि कोरडेपणा, आणि वेगवेगळ्या अक्षांशांवर गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक.

उष्णतेचं सांगतो. मी नवीन होतो तेव्हा एका वाड्यातलं लंबकाचं घड्याळ दर मे महिन्यात दुकानात यायचं. तक्रार तीच, “मागे पडतंय.” मी खोलायचो, पेट्रोलमध्ये चाकं धुवायचो, तेल द्यायचो. दिवाळीत निरोप यायचा, “आता पुढे जातंय.” तिसऱ्या वर्षी वडिलांनी मला थांबवलं. म्हणाले, “घड्याळाला काही झालेलं नाही, दांडी लांबली आहे.” सेकंदाला एक ठोका देणारा लंबक साधारण ९९ सेंटिमीटरचा असतो. त्याची पोलादी दांडी दहा अंश तापली तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी वाढते. डोळ्याला दिसत नाही, पण घड्याळ दिवसाला पाच सेकंद मागे पडतं. पुण्याच्या हिवाळ्या-उन्हाळ्यात वीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे दिवसाला दहा सेकंद, महिन्याला पाच मिनिटं. मे महिन्यात लंबकाखालचा नट किंचित वर चढवायचा आणि थंडीत खाली घ्यायचा, एवढंच त्या घड्याळाचं औषध होतं.

लंबकाऐवजी केसासारखी बारीक स्प्रिंग आणि तिच्या जोरावर मागेपुढे झोके घेणारं बॅलन्स चाक घेतलं तर आणखीच पंचाईत. उष्णतेने स्प्रिंग ढिली पडते आणि साधं पोलादी स्प्रिंगचं घड्याळ एका अंशाला दिवसाकाठी दहाएक सेकंद मागे जातं. पोर्ट्समथच्या थंडीतून जमैकाच्या उन्हात जाणाऱ्या जहाजावर याचं काय होईल, विचार करा.

आणि तेल. एका घरी हौसेने घड्याळात खोबरेल तेल सोडलं होतं. डिसेंबरात ते पहाटे बंद पडायचं आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की आपोआप चालू व्हायचं. घरच्यांना त्यात काही भलतंच वाटायला लागलं होतं. मी मागची फळी काढली तर चाकांच्या टोकांशी पांढरं थिजलेलं तेल. अठराव्या शतकातलं घड्याळाचं तेल याहून बरं होतं, पण तेही काही महिन्यांत घट्ट व्हायचं, आणि तेल घट्ट होऊ लागलं की चाल बदलायला लागते. ती रोज सारखीच बदलली असती तर हिशेबात धरली असती. ती तशी बदलत नाही.

हॅरिसन कुठे वेगळा पडतो ते आता कळेल. १६९३ मध्ये यॉर्कशरमधल्या फाउल्बी गावी त्याचा जन्म झाला. वडील सुतार. पुढे घर लिंकनशरमधल्या बॅरो गावात आलं. घड्याळजीकडे उमेदवारी त्याने केलीच नाही. १७१३ मध्ये विसाव्या वर्षी त्याने पहिलं उभं घड्याळ केलं, त्याची चाकं ओक लाकडाची. नंतर जवळच्या ब्रॉकल्सबी पार्क इस्टेटीसाठी त्याने १७२२ च्या सुमाराला मनोऱ्याचं घड्याळ केलं. त्यात जिथे चाक फिरताना घासतं तिथे लिग्नम व्हिटे हे लाकूड वापरलं. या लाकडातच तेलकट राळ असते. म्हणजे वरून तेल नकोच! तेलाची चाल बदलते ना, मग तेलच काढून टाका. हे घड्याळ आजही चालतं. मला विचाराल तर हॅरिसनचा सगळा स्वभाव या एका लाकडात आहे. चूक होऊन गेल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा ती जिथून येते ती जागाच त्याने बंद केली.

उष्णतेचंही त्याने तसंच केलं. पितळ पोलादापेक्षा जास्त वाढतं, साधारण पाचास तीन या प्रमाणात. त्याने लंबकाची दांडी एकाऐवजी नऊ सळ्यांची केली, पाच पोलादी आणि चार पितळी, चुलीवरच्या जाळीसारख्या शेजारी शेजारी. पोलादी सळ्या वाढून लंबक खाली ढकलतात, पितळी सळ्या तेवढाच वर उचलतात. लांबी जिथल्या तिथे. भाऊ जेम्सबरोबर केलेली त्याची ही घड्याळं महिन्याला एका सेकंदाच्या फरकाने चालायची, असं त्याने स्वतः नोंदवलं आहे. खेड्यातल्या सुताराचं काम हे! लंडनच्या पेढ्यांत त्या तोडीचं घड्याळ तेव्हा नव्हतं.

१७३० मध्ये तो लंडनला एडमंड हॅलीला भेटला. धूमकेतूवाला हॅली, तो तेव्हा राजज्योतिषी, म्हणजे ग्रीनिच वेधशाळेचा प्रमुख खगोलशास्त्रज्ञ होता. हॅलीने त्याला जॉर्ज ग्रॅहम या नामवंत घड्याळजीकडे पाठवलं. सकाळी दहाला सुरू झालेलं त्यांचं बोलणं रात्री आठपर्यंत चाललं आणि निघताना ग्रॅहमने बिनव्याजी पैसे दिले. स्वतःच्याच धंद्यातल्या एका अनोळखी माणसाला! ग्रॅहमचं हे वागणं मुलाला आवर्जून सांगा.

१७३५ मध्ये पहिलं सागरी घड्याळ तयार झालं. आज त्याला एच-१ म्हणतात. वजन ३४ किलो. लंबकाऐवजी दोन मोठे दांडे एकमेकांना जोडलेले, एक डावीकडे झुकला की दुसरा उजवीकडे, त्यामुळे जहाजाचा हेलकावा एकाला जेवढा पुढे ढकलतो तेवढाच दुसऱ्याला मागे ओढतो. १७३६ मध्ये लिस्बनहून ‘ऑर्फर्ड’ जहाजावरून परतताना जमीन दिसली. जहाजाचा मास्टर म्हणाला, हे स्टार्ट पॉइंट. हॅरिसन म्हणाला, नाही, लिझर्ड. दोन्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याची टोकं, मध्ये साठेक मैलांचं अंतर. हॅरिसन बरोबर निघाला आणि मास्टरने तसं लिहून दिलं.

पुढे मात्र वेळ गेला. दुसरं घड्याळ त्याने स्वतःच नाकारलं, कारण जहाज वळताना त्याची चाल बदलते हे त्याच्या लक्षात आलं. तिसऱ्यावर १९ वर्षं घालवली. ते मनासारखं झालं नाही, पण त्यातून दोन वस्तू जगाला मिळाल्या. एक, पिंजऱ्यात बसवलेलं रोलर बेअरिंग. दुसरी तुमच्या घरात आहे. जुनी इस्त्री तापल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो ना? आत दोन धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते, तापली की वाकते आणि करंट तोडते. ही पट्टी हॅरिसनने घड्याळाच्या स्प्रिंगची लांबी उष्णतेप्रमाणे आपोआप कमी-जास्त करायला शोधली.

आणि मग १७५९ मध्ये चौथं, एच-४. तेरा सेंटिमीटर व्यासाचं आणि दीड किलोच्या आतलं, दिसायला मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं. त्याच्या आधी जॉन जेफरीज या कारागिराने हॅरिसनच्या सांगण्यावरून एक खिशातलं घड्याळ केलं होतं. ते इतकं छान चाललं की हॅरिसनला कळलं, आपण वीस वर्षं उलट्या टोकाने चाललो होतो. मोठं आणि संथ घड्याळ हेलकाव्याला बळी पडतं. लहान, वेगाने आणि जोराने झोके घेणारं बॅलन्स चाक बाहेरच्या धक्क्याला दाद देत नाही. एच-४ सेकंदाला पाच ठोके देतं. जुनं एचएमटी जनता घरात असेल तर चावी देऊन कानाला लावा, तेही सेकंदाला पाचच ठोके देतं. चावी संपत आली की त्याचे झोके लहान होतात, आणि तेव्हा ते मनगटावर वेगळं नि टेबलावर वेगळं चालतं. हा अनुभव मी हजारो घड्याळांत घेतला आहे.

इथवरचं दोन वाक्यांत सांगतो. जहाजावर नुसतं अचूक घड्याळ चालत नाही, ऊन, थंडी, हेलकावे आणि तेल यांतही ज्याची चाल कायम राहते ते लागतं. हॅरिसनने ही कारणं एकेक करून काढून टाकली आणि त्यात त्याची चाळीसेक वर्षं गेली.

आता बक्षीस. नोव्हेंबर १७६१ मध्ये ‘डेप्टफर्ड’ जहाजावरून एच-४ जमैकाला निघालं. हॅरिसन ६८ वर्षांचा होता, म्हणून मुलगा विल्यम गेला. वाटेत जहाजावरची बिअर नासली आणि पिण्याचे हाल झाले. कॅप्टनच्या अंदाजाने मदीरा बेट दुसरीकडे होतं. विल्यमने घड्याळावरून सांगितलं, हीच दिशा धरा, उद्या बेट दिसेल. दुसऱ्या सकाळी दिसलं. जमैकाला पोचल्यावर हिशेब झाला: ८१ दिवसांत चूक फक्त ५ सेकंद.

तरी रेखांश मंडळाने, म्हणजे बक्षिसाचा निर्णय करायला १७१४ च्या कायद्याने नेमलेल्या मंडळाने, पैसे दिले नाहीत, आणि इथे मला मंडळाची बाजूही सांगितली पाहिजे. ते पाच सेकंद चाल वजा करून आलेले होते. घड्याळ दिवसाला २ पूर्णांक २/३ सेकंद मागे पडतं असं धरून हिशेब केला होता. मंडळ म्हणालं, ही चाल निघण्यापूर्वी तुम्ही आमच्याकडे नोंदवली नव्हती. शिवाय जमैकाचा रेखांशच पुरेसा पक्का माहीत नव्हता. माझ्याकडे कुणी घड्याळ आणून “चाळीस दिवसांत एवढंच चुकलं” म्हटलं, तर मीही पहिल्यांदा विचारीन, चाल आधी लिहून ठेवली होती का? प्रश्न रास्त होता.

म्हणून १७६४ मध्ये ‘टार्टर’ जहाजावरून बार्बाडोसची दुसरी सफर झाली. या वेळी चाल आधीच लिहून दिली, कोणत्या तापमानाला किती बदलेल त्यासकट. ४७ दिवसांत चूक ३९ सेकंद, म्हणजे अर्ध्या अंशाला चालणाऱ्या १२० सेकंदांच्या एक तृतीयांश. आता शंकेला जागा नव्हती. तरी अटी वाढल्या. १७६५ च्या नव्या कायद्याने अर्धी रक्कम घड्याळ उघडून रहस्य सांगितल्यावर, आणि उरलेली तसलीच आणखी घड्याळं करून दाखवल्यावर.

ऑगस्ट १७६५ मध्ये हॅरिसनने समितीसमोर एच-४ चा प्रत्येक भाग सुटा केला. मग ते ग्रीनिचच्या वेधशाळेत तपासणीला गेलं. तिथला नवा राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन चंद्रावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचा पुरस्कर्ता होता आणि पदामुळे रेखांश मंडळावरही होता. १७६६ मध्ये हॅरिसनच्या घरून तिन्ही मोठी घड्याळं नेताना एच-१ जमिनीवर पडलं. दहा महिन्यांच्या तपासणीत एच-४ ची चाल बिघडलेली निघाली आणि मॅस्कलिनने प्रतिकूल अहवाल दिला. हे वाचून मला राग येतो. पूर्ण सुटं करून जोडलेलं घड्याळ पुन्हा सूर धरायला कित्येक आठवडे मागतं. आम्ही साधं सर्व्हिसिंग केलेलं घड्याळही पंधरा दिवस दुकानात टांगून ठेवतो. न जुळवलेल्या घड्याळावरून कारागिराची परीक्षा होत नाही.

पण मॅस्कलिनला खलनायक करू नका. चंद्राची पद्धतही खरी होती. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, म्हणजे आकाशातला तो एक काटाच आहे. त्याचं ताऱ्यापासूनचं अंतर मोजून ग्रीनिचची वेळ काढता येते. आधी त्या आकडेमोडीला चार तास लागायचे, मॅस्कलिनने १७६७ पासूनचं नाविक पंचांग काढून ती खूप हलकी केली. टोबियास मायर या जर्मन ज्योतिर्विदाच्या कोष्टकांबद्दल त्याच्या विधवेला ३,००० पौंड मिळाले, गणिती ऑयलरला ३००. गरीब खलाशांना पुढे अनेक वर्षं हीच पद्धत परवडली, कारण घड्याळ महाग होतं. लार्कम केंडलने एच-४ ची हुबेहूब प्रत १७६९ मध्ये केली, तिला ५०० पौंड पडले. ती प्रत घेऊन कॅप्टन कुक १७७२ ते १७७५ च्या सफरीत अंटार्क्टिक वर्तुळ ओलांडून आला आणि तिच्यावर त्याचा पूर्ण विश्वास बसला. ‘एकच चांगलं निघालं, दुसरं होईल कशावरून?’ या मंडळाच्या शंकेला हे खरं उत्तर होतं.

घड्याळ स्वस्त केलं ते जॉन आर्नल्ड आणि टॉमस अर्नशॉ यांनी, वेगळी आणि सोपी रचना करून. १८३१ मध्ये ‘बीगल’ डार्विनला घेऊन निघालं तेव्हा त्यावर २२ क्रोनोमीटर होते. या आर्नल्डच्याच एका घड्याळावर लंडनमध्ये एका कुटुंबाने पोट भरलं. जॉन हेन्री बेलव्हिलने १८३६ मध्ये सुरुवात केली: ग्रीनिचला जाऊन घड्याळ लावून घ्यायचं आणि शहरभर घड्याळजींच्या दुकानांत फिरून वर्गणीदारांना वेळ दाखवायची. त्याच्यानंतर त्याच्या बायकोने आणि मग मुलगी रूथने १९४० पर्यंत हे काम केलं. त्या घड्याळाला ती ‘आर्नल्ड’ अशी हाक मारायची. माझे वडील रोज सकाळी आकाशवाणीच्या ‘पिप’वर दुकानातलं मुख्य घड्याळ तपासायचे, ते मला रूथबद्दल वाचताना दिसतात.

तर, फसवलं का? पैशाने बघितलं तर नाही. राजा तिसऱ्या जॉर्जने १७७२ मध्ये हॅरिसनचं पाचवं घड्याळ स्वतःच्या वेधशाळेत तपासलं. सुरुवातीला ते विचित्र चाललं, मग जवळच्या कपाटात चुंबक ठेवलेले आहेत हे कळलं. ते हलवल्यावर दहा आठवड्यांत चूक साडेचार सेकंद. राजाने शब्द टाकला आणि १७७३ मध्ये संसदेने ८,७५० पौंड दिले. आयुष्यभराच्या अनुदानांसह त्याला २३,००० पौंडांहून जास्त मिळाले, मूळ बक्षिसापेक्षा अधिक. पण तोवर तो ८० वर्षांचा होता आणि तीन वर्षांनी गेला. ‘बक्षीस जिंकलं’ असं मंडळाने कधीच म्हटलं नाही, ना त्याला, ना दुसऱ्या कुणाला. कारागिराला पैसा हवाच असतो, पण काम पसंत पडलं हा शब्दही हवा असतो. तो त्याला मंडळाकडून मिळाला नाही. याला तुम्ही फसवणं म्हणत असाल, तर हो, फसवलं.

मुलाच्या प्रकल्पासाठी एक प्रयोग सांगतो. २५ डिसेंबरला शाळेला सुट्टी असते, आणि त्या दिवशी सूर्याची दुपार आणि घड्याळाची सरासरी दुपार जवळजवळ जुळते. गच्चीवर सपाट जागी एक सरळ काठी उभी करा, ओळंबा लावून. सकाळी साडेदहाला सावलीच्या टोकाशी खूण करा, काठीभोवती तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ खडूने काढा आणि वेळ लिहा. दुपारी सावलीचं टोक पुन्हा त्याच वर्तुळाला टेकेल, ती वेळ लिहा. दोन्ही वेळांचा मध्य ही तुमची स्थानिक दुपार. पुण्यात ती प्रमाणवेळेने १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास यायला हवी. १२ च्या वरची मिनिटं चारने भागा आणि येतील तेवढे अंश साडेब्याऐंशीमधून वजा करा. एका मिनिटाची चूक म्हणजे पुण्याच्या अक्षांशावर २६ किलोमीटर. वेळ मोबाइलवरून न घेता आजोबांचं चावीचं घड्याळ वापरायचं असेल, तर १५ डिसेंबरपासून रोज सकाळी एकाच वेळी त्याची चाल वहीत लिहायला सांगा, आणि चावीही रोज त्याच वेळी द्यायला सांगा.